मॅडमनी मोजलेली गाडी

खोली भाड्याने देण्याआधी मॅडमनी ती माझ्यासमोर मोजली. पोलादी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि म्हणाल्या, "दहा फूट दोन इंच. ती बाजू अकरा फूट साडेनऊ. मी बरोबर वाचलं का? तुम्ही वाचा." मी वाचलं. ते आकडे करारनाम्यात गेले. मग त्यांनी माझं ओळखपत्र आधी चष्म्यातून, मग चष्म्यावरून आणि शेवटी उजेडावर धरून बघितलं. फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत विचारलं, "मिशी कधी काढली?"

"गेल्या वर्षी."

"का?"

मी ओठावरून बोट फिरवलं. त्यांनी मान हलवली आणि किल्ली दिली, पण तो 'का' पुढे कितीतरी दिवस माझ्या मागे जिन्यावरून वर येत राहिला.

शेवगावात मी तेव्हा एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि दर जूनमध्ये पुन्हा घेतात की नाही याची धाकधूक. मॅडम वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. खाली त्या एकट्या, वर मी एकटा. त्या मला 'सर' म्हणत आणि मी त्यांना सगळं गाव म्हणायचं तसं 'मॅडम'.

निवृत्तीनंतरही त्या आठवडे बाजारात शिरल्या की दोन्ही बाजूंचे भाजीवाले ताठ बसत. त्यांच्या पर्समध्ये दोनशे ग्रॅमचं पितळी वजन असायचं. "आधी हे ठेवा काट्यावर," म्हणायच्या. काट्यावर बरोबर दोनशे उमटले की मगच वांग्यांना हात. पेट्रोल पंपावर तर त्या पाच लिटरचं सीलबंद माप बाहेर काढायला लावत, त्यात पेट्रोल ओतून रेघ बघत आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांना गाडीच्या खिडकीतून सांगत, "तुमच्याचसाठी चाललंय हे!"

माझ्यावरही नजर असायचीच. मी रात्री किती वाजता दिवा मालवला, पाहुणा आला तो खरंच मावसभाऊ होता का, गॅलरीतल्या बादलीत पाणी टाकीचं की नळाचं. पहिले दोन महिने मला वाटायचं, ही बाई कोणावरच विश्वास ठेवत नाही. ते बरोबर होतं, पण पुरतं बरोबर नव्हतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "संशय घ्यायला परवानगी लागत नाही. आरोप करायला पुरावा लागतो."

एकदा त्या हे स्वतःच विसरल्या. आमच्या गल्लीत एक म्हातारे दूध घालायचे. मॅडम दुधात रोज लॅक्टोमीटर सोडायच्या. एका सकाळी तो नेहमीपेक्षा खोल बुडाला, म्हणजे दूध पातळ. दुसऱ्या दिवशी आणखी खोल. तिसऱ्या दिवशी त्यांनी म्हाताऱ्यांना दारातच थांबवलं.

"पाणी किती घातलंत?"

"न्हाई घातलं मॅडम. म्हस माजी हाय, दावनीला बांधलीय. पायजे तर चला, समोर पिळून देतो."

"म्हैस खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

गल्लीतली चार माणसं ऐकत होती. म्हातारे कॅन उचलून गेले. मॅडमना मात्र चैन पडेना. दुपारी त्या दूध संकलन केंद्रावर गेल्या आणि त्यांच्या यंत्राशी आपलं यंत्र ताडून बघितलं. यांच्या काचेला केसाएवढा तडा होता. आत दूध शिरून यंत्रच जड झालेलं.

दुसऱ्या दिवशी त्या फाटकाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. म्हातारे आल्यावर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझ्या यंत्राला तडा होता. दूध चोख होतं. चूक माझी."

म्हातारे ओशाळले. "ऱ्हाऊ द्या की मॅडम. हळू बोला, लोकं ऐकत्यात."

"आरोप हळू केला नव्हता मी."

मी वरून गॅलरीतून बघत होतो. त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटायला लागली, आधी नुसतं दडपण होतं. त्याच संध्याकाळी त्या नवा लॅक्टोमीटर घेऊन आल्या आणि सकाळी पुन्हा त्याच म्हाताऱ्यांच्या दुधात सोडला.

त्यांची जुनी छोटी गाडी होती, नोकरीत असताना घेतलेली. तिचा तळाचा पत्रा इतका गंजला होता की ड्रायव्हरशेजारी बसलं की पायाजवळच्या भोकातून डांबर पळताना दिसायचं. गॅरेजवाल्याने सांगितलं की आता हिच्यावर खर्च करू नका. मॅडमनी आणखी दोन गॅरेजवाल्यांना विचारलं. तिघांचं एकच मत पडलं, तेव्हा 'तिघे एकमेकांना ओळखत नाहीत ना' याची चौकशी केली, आणि मग नवी गाडी घ्यायचं ठरवलं.

ही बातमी त्यांच्या सासरच्या गावी पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पुतण्या आला.

पुतण्या म्हणजे त्यांच्या धाकट्या दिरांचा मुलगा. ऊस भरपूर, अंगावर पांढरे कडक कपडे, आणि पंचायत समितीच्या निवडणुकीवर डोळा. तो खाली ओट्यावर बसून बोलत होता आणि मी वर कपडे वाळत घालत होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"काकू, आता या वयात कशाला स्टेरिंग धरायचं? डिकीची गाडी घ्या. सेडान. पांढरी. डायवर मी देतो आपल्या गावचा. तुमी मागं आरामात बसा."

"आणि गाडी उभी कुठे करायची? माझ्या फाटकातून आत येईल का ती?"

"न्हाई आली तर गावाकडं उभी करू की. गुरांच्या वाडग्यात जागा लई हाय. तुमाला लागली की नुसता फोन करायचा."

तो गेल्यावर मॅडमनी मला खाली बोलावलं. "ऐकलंत ना सगळं?" मी नाही म्हणायच्या बेतात होतो. "शर्ट एकच होता, वाळत घालायला पंधरा मिनिटं लागली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला त्यांच्या यजमानांच्या मोटरसायकलची हकिकत सांगितली. तेराव्याच्या दिवशी याच पुतण्याने ती नेली होती. 'काकू, दोन दिसांसाठी नेतो.' दोन दिवसांची अकरा वर्षं झाली होती. ती अजून गावात फिरते, हँडलला त्याने रंगीत गोंडे लावलेत.

"सेडान घेतली की ड्रायव्हर आला. ड्रायव्हर आला की तो त्याचा माणूस. मग मी डोळ्याच्या डॉक्टरकडे कधी जायचं, ते तो ठरवणार," त्या म्हणाल्या. "पण हा माझा संशय आहे. पुरावा मोटरसायकलचा आहे, गाडीचा नाही. त्यामुळे दोन्ही गाड्या नीट बघायच्या."

दुसरी गाडी त्यांनी स्वतः शोधून काढली होती. हॅचबॅक, म्हणजे बिनडिकीची, पण तिच्या पाठीवर 'जीटी' अशी दोन अक्षरं. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, इंजिन दमदार, असं जाहिरातीत लिहिलं होतं. ते कात्रण त्यांनी मला दाखवलं आणि जरा वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तीस वर्षं हा नगर जिल्हा फिरले सर. अकोल्यापासून जामखेडपर्यंत. पण जिथे गेले तिथे वजनकाटाच बघितला. बाकी गाव कसं आहे, मला माहीत नाही."

त्याच आठवड्यात पुतण्या मला महाविद्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर भेटला. भेटला कसला, वाटच बघत होता.

"सर, काकू तुमचं ऐकत्यात."

"माझं? त्या कोणाचंच ऐकत नाहीत."

"ऐकत्यात. तुमी शिकलेलं मानूस. आमी बोललो की त्यांना वाटतं काहीतरी डाव हाय." त्याने चहावाल्याला आणखी दोन कप सांगितले. "तुमचं जूनला पुन्यांदा ऑर्डरचं असतं ना? संस्थेचे अध्यक्षसाहेब आपलेच हायेत. बगतो मी. तुमी फकस्त एवढं करा, सेडानचं काकूंच्या कानावर घाला. सेडानमधनं मानूस उतरला ना सर, की चार लोकं उठून उभी ऱ्हात्यात. मान हाय तिला."

मी हो म्हणालो नाही. नाहीसुद्धा म्हणालो नाही. चहा मात्र प्यायलो. घरी येताना मी स्वतःला सांगत होतो की सेडान काही वाईट गाडी नाही, बाईंचं वय झालंय, ड्रायव्हर असला तर बरंच. हे सगळं खरं असू शकत होतं. पण चहा पिण्याआधी मला ते कधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "सर, तुम्हाला काय वाटतं? कोणती?"

मी म्हणालो, "मला तर सेडान बरी वाटते. सेडानमधून माणूस उतरला की चार लोक उठून उभे राहतात."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. मग म्हणाल्या, "बरं." पुढे त्या शेवग्याच्या शेंगा सोलायला लागल्या. मला वाटलं, पटलं.

नगरला शोरूममध्ये आम्ही सकाळीच पोचलो. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, पांढरी सेडान आणि निळी जीटी. सेल्समन तरतरीत होता. "मॅडम, ही ग्रँड टूरर आहे. लांबच्या प्रवासासाठी एकदम बेस्ट."

"लांब म्हणजे किती किलोमीटर?"

"म्हणजे... कितीही, मॅडम."

"कितीही हे माप नाही."

त्यांनी टेप काढली. सीटची जमिनीपासूनची उंची, पाय ठेवायची जागा, मागच्या दाराची रुंदी, सगळं दोन्ही गाड्यांचं. मी टोक धरायचो. सेल्समन म्हणाला की सेडानची डिकी चारशे लिटरची आहे, तेव्हा त्यांनी विचारलं, "कशाने मोजली? मी ठेवणार बॅगा, तुम्ही सांगताय लिटर." त्याने मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने मोबाईलकडे. मला मात्र सारखं वाटत होतं की टेप कुठेही लावली तरी त्या मोजतायत मला. मी टोक नीट धरतो का, सेडानजवळ माझा आवाज बदलतो का, हेच जणू त्या बघत होत्या.

चाचणीसाठी गाडी नुसती भिंगारपर्यंत न्यायला त्यांनी साफ नकार दिला. "मी शेवगावला राहते. मध्ये करंजीचा घाट आहे. घाटात चालवल्याशिवाय मी सही करत नाही." बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की जाताना सेडान, येताना जीटी. जीटी मागून शोरूमचा दुसरा माणूस आणेल.

सेडानपाशी आल्यावर मॅडमनी मला किल्ली दिली. "तुम्ही चालवा. मला मागे बसून बघायचंय."

त्या मागे बसल्या. सेल्समन माझ्या शेजारी. गाडी खरंच छान होती, खड्डा लागायचा पण जाणवायचा नाही. मेहेकरी गेलं, घाट उतरलो. आरशात बघितलं तर त्या पर्स मांडीवर धरून सरळ बसलेल्या. घाटाखाली गाडी थांबवल्यावर सेल्समनने मोठ्या उत्साहाने विचारलं, "कसं वाटलं मॅडम? एकदम आराम ना?"

"आराम आहे," त्या म्हणाल्या. "पण रस्ता दिसत नाही. समोरच्या माणसाचं डोकं दिसतं."

येताना त्यांनी जीटीचं स्टिअरिंग घेतलं. सेडान दुसऱ्या माणसाबरोबर पुढे गेली. मी मॅडमच्या शेजारी, सेल्समन मागे. घाटाच्या पहिल्या वळणावर त्यांनी ट्रकला वाट दिली, दुसऱ्या वळणावर त्याला मागे टाकलं. बासष्ट वर्षांच्या बाईचे हात स्टिअरिंगवर इतके हलके असू शकतात, हे मी पहिल्यांदा बघितलं. घाटमाथ्यावर रुंद जागा बघून त्यांनी गाडी कडेला घेतली आणि सेल्समनला म्हणाल्या, "जरा खाली उतरून मागे उभे राहा. ब्रेकचे दिवे लागतात का बघा."

तो उतरला. मॅडमनी काचा वर केल्या, ब्रेक दाबला. आरशात त्याने अंगठा वर केला.

"सर," त्या समोर बघत म्हणाल्या, "पुतण्या तुम्हाला कुठे भेटला?"

मी विचारलं, "कोण?"

पुन्हा ब्रेक. पुन्हा अंगठा.

"'सेडानमधून माणूस उतरला की चार लोक उठून उभे राहतात.' हे तो मला फोनवर म्हणाला होता. दोन दिवसांनी तुम्ही म्हणालात, शब्दाला शब्द. नुसता हेल पुस्तकी केलात. मी बाई आहे सर. तुम्ही स्वतःच्या डोक्याने बोलला असतात तर 'बाई उतरली की' म्हणाला असतात, नाहीतर 'तुम्ही उतरलात की'. तुम्ही तर मराठी शिकवता."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. खाली घाटातून एक टेम्पो घरघरत वर येत होता. नाही म्हणायला अजून वाव होता. एकाच वाक्यावरून त्या काय सिद्ध करणार होत्या? पण दूधवाल्या म्हाताऱ्यांपुढे उभ्या राहिलेल्या मॅडम मला दिसल्या आणि मी सगळं सांगून टाकलं. टपरी, चहा, जूनची ऑर्डर, अध्यक्षसाहेब. सांगताना माझा आवाज माझाच वाटत नव्हता. त्या अधूनमधून ब्रेक दाबत होत्या आणि मागे तो बिचारा दर वेळी अंगठा दाखवत होता.

माझं बोलणं संपलं. मॅडम म्हणाल्या, "घाबरला होतात?"

"हो."

"त्याला की नोकरीला?"

"नोकरीला."

त्यांनी काच खाली केली आणि सेल्समनला हाक मारली. "दिवे बरोबर आहेत. या आत."

त्या दिवशी जीटी बुक झाली. सही करण्याआधी मॅडमनी फॉर्मवरचा प्रत्येक शब्द वाचला, 'मोफत' लिहिलेल्या तीन वस्तू खोडायला लावल्या आणि मॅनेजरला सांगितलं की मोफत काही नसतं, त्याचे पैसे कुठे लपवलेत तेवढं दाखवा. परत शेवगावला येईपर्यंत माझ्याशी त्या हवापाण्याचं बोलल्या. मला वाटलं, मिटलं.

सकाळी दाराखालून पाकीट आत आलेलं होतं. एक महिन्याची नोटीस. खोली रिकामी करावी.

मी धावत खाली गेलो. "मॅडम, मी खरं सांगितलं ना?"

"सांगितलंत. म्हणूनच नोटिशीत कारण लिहिलेलं नाही."

"पण मग—"

"वर राहणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज मला रात्री ऐकू येतो, सर. आता दर वेळी मला वाटणार, हा कोणाचा माणूस चाललाय. मला झोप लागणार नाही. तुम्हालाही लागणार नाही." यात राग नव्हता. काट्यावर आलेला आकडा वाचून दाखवावा तसं त्या बोलल्या होत्या.

गाडी घरी आली त्या दिवशी पुतण्याही आला होता. पेढे खाल्ले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काकू, येकदा चक्कर मारून आनू का गावाकडं?"

"बस की. मी नेते," मॅडम म्हणाल्या. किल्ली त्यांनी मुठीतून सोडली नाही. तो मागे बसला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. फाटकाशी माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाला, "सर, काकू लई जोरात चालवत्यात." जूनच्या ऑर्डरविषयी तो काही बोलला नाही. जूनमध्ये माझं नाव यादीत नव्हतं. त्याने ते काढायला लावलं, की नुसतं घालायला विसरला, मला कधीच कळलं नाही. मी त्याला फोन केला होता. त्याने उचलला नाही. संशय मला आजही आहे, पुरावा नाही.

श्रीगोंद्याच्या एका महाविद्यालयात मला काम मिळालं, पुन्हा तासिकेवरच. सामान न्यायला मी टेम्पो बघत होतो, तर मॅडम फाटकात येऊन म्हणाल्या, "टेम्पोवाला तुम्हाला फसवील. मी येते."

जीटीची मागची सीट आडवी पाडली. पुस्तकांची पोती, गादीची वळकटी, शेगडी, बादली. सगळं मावलं. त्यांनी प्रत्येक वस्तू स्वतः लावली, मला हात लावू दिला नाही. नगर मागे टाकून आम्ही दक्षिणेला लागलो. श्रीगोंद्याच्या अलीकडे एक साखर कारखाना लागला, रस्त्याला लागूनच त्याचा वजनकाटा. मॅडमचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला. मला वाटलं, आता उतरतात. त्यांनी रिकाम्या काट्याकडे, बंद चिमणीकडे नीट बघून घेतलं. "सीझन नाही," म्हणाल्या आणि गाडी पुढे काढली.

नवे घरमालक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. आम्ही सामान उतरवत असताना ते बाहेर आले. निळ्या गाडीकडे, मग मॅडमकडे बघून त्यांनी मला विचारलं, "या कोन तुमच्या?"

मॅडमनीच उत्तर दिलं. "मी यांची आधीची घरमालकीण. यांना मी नोटीस देऊन काढलंय."

कंडक्टरसाहेबांचा हात दाराच्या कडीवरच राहिला. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

"तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते," मॅडम पुढे म्हणाल्या. "भाडं वेळेवर देतात. पाणी जपून वापरतात. रात्री उशिरापर्यंत वाचतात, पण आवाज नसतो. कोणी वजनदार माणूस धाक घालायला आला तर वाकतात. विचारलं तर थोडा वेळ खोटं बोलतात, मग सगळं सांगून टाकतात. एवढंच आहे. बाकी माणूस ठेवण्यासारखा आहे."

कंडक्टरसाहेब विचारात पडले. माझ्याकडे बघितलं, आत स्वयंपाकघराकडे बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात तर समदीच अशी हायेत."

मॅडम हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं आणि लगेच मनात आलं, यात काही वेगळंच तर नाही? त्यांनी चहा घेतला नाही. गाडीत बसून काच खाली केली आणि घरमालकांना विचारलं, "हा रस्ता पुढे कुठे जातो?"

"काष्टी. तिथून दौंड."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढं... जाल तिकडं, मॅडम."

शेवगावचा रस्ता डावीकडे होता. त्यांनी उजवीकडचा इंडिकेटर दिला, मागेपुढे दोनदा बघून गाडी वळवली आणि दौंडच्या बाजूला निघून गेल्या.